राइटफ्रीली: आपल्या लेखनाची जागा आपल्या सर्व्हरवर

मित्रहो, मराठीतून आंतरजालावर लिहिणाऱ्यांची एक पिढी ऑर्कुटच्या समूहांमध्ये लिहिती झाली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले, सार्वजनिक समूहांचा संग्रह काही काळ वाचण्यासाठी ठेवला गेला, आणि पुढे तोही काढून घेण्यात आला. त्याआधी २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केले होते, तेव्हाही हेच घडले. ज्यांनी आपले लेखन वेळीच उतरवून घेतले त्यांच्याकडे ते राहिले, बाकीच्यांचे गेले. त्या लेखकांचा दोष एवढाच की लेखन त्यांचे होते आणि जागा दुसऱ्याची होती.

यावरचा मला पटलेला मार्ग आज आपल्यापुढे मांडतो. लेखन आपल्या नावाच्या डोमेनवर, म्हणजे आपण नोंदवलेल्या वेब पत्त्यावर, ठेवावे, आणि ते चालवणारी प्रणाली इतकी हलकी असावी की एका माणसाला ती पूर्ण समजेल आणि गरज पडल्यास एका संध्याकाळी उचलून दुसऱ्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटला सतत जोडलेल्या भाड्याच्या संगणकावर, नेता येईल. हलकेपणाचा विचार आपण सहसा वेगाच्या किंवा पैशांच्या अंगाने करतो. माझ्या दृष्टीने त्याचा खरा लाभ जागा बदलण्याच्या स्वातंत्र्यात आहे.

वर्डप्रेस ही ब्लॉग चालवणारी प्रणाली २००३ पासून आहे आणि उत्तम काम करते. परंतु तिच्यासोबत पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस आलेच, शिवाय बाहेरून जोडलेले प्लगइन वेळच्या वेळी अद्ययावत करत राहण्याची जबाबदारी आली. घोस्ट ही दुसरी प्रणाली देखणी आहे, पण तिला नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), मायएसक्यूएलची आठवी आवृत्ती आणि किमान १ जीबी मेमरी लागते. केवळ लिहायचे आणि वाचायला द्यायचे असेल, तर मी राइटफ्रीली सुचवीन. २०१८ मध्ये ते मुक्त स्रोत म्हणून प्रसिद्ध झाले. गो भाषेत लिहिलेला हा प्रोग्राम एका फाइलच्या रूपात मिळतो. सोबत साचे आणि शैलीच्या फाइलींचे दोन-तीन फोल्डर असतात, आणि सगळा मजकूर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एकाच फाइलमध्ये राहतो. प्रतिक्रियांची सोय त्यात नाही, चित्रे चढवण्याचीही नाही. लिहिण्यासाठी एक कोरे पान आणि मार्कडाउन (साध्या चिन्हांनी शीर्षके, ठळक अक्षरे लिहिण्याची पद्धत) एवढेच आहे. छायाचित्रांना प्राधान्य देणाऱ्याने हे निवडू नये, असे मी स्पष्टच सांगतो.

मजकुराला जागा किती लागते, याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. संगणकावर अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. अक्षर वेगळे, त्यावरची मात्रा वेगळी, हलन्तही वेगळा. मराठी शब्दात सरासरी सहा चिन्हे धरली, तर एक हजार शब्दांचा लेख सुमारे १९ केबी होतो, आणि असे एक हजार लेख २० एमबीच्याही आत बसतात. म्हणजे एखाद्याचे आयुष्यभराचे ललित लेखन मोबाइलवरच्या काही मोजक्या छायाचित्रांएवढी जागा घेते. शिवाय देवनागरीच्या त्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी एकच असतो आणि दुसऱ्याला दोनच पर्याय असतात. एवढी पुनरावृत्ती असल्यामुळे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर (वाचकाला पाने पोहोचवणारा प्रोग्राम) जीझिप या पद्धतीने असा मजकूर चांगलाच आकसून पाठवतो, आणि गावाकडच्या मंद जोडणीवर वाचणाऱ्याला त्याचा थेट फायदा होतो.

तेव्हा सर्व्हर लहानातला लहान पुरतो: एक व्हर्च्युअल सीपीयू, १ जीबी मेमरी आणि २० ते २५ जीबी डिस्क. त्यावर उबंटू या लिनक्स प्रणालीची २४.०४ ही दीर्घकालीन आधार असलेली आवृत्ती घ्यावी. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. वाचक प्रामुख्याने महाराष्ट्रात असतील तर केंद्र मुंबईचे निवडावे. ॲमेझॉनचे मुंबईतले केंद्र २०१६ पासून सुरू आहे आणि इतर पुरवठादारांचीही आता आहेत. तरीही वाचक अमेरिकेत आणि सर्व्हर मुंबईत, किंवा याच्या उलट, अशी स्थिती असली तरी नुसत्या मजकुराच्या पानाला फारसे बिघडत नाही, हाही हलकेपणाचाच गुण.

सर्व्हर हाती आला की पहिले काम दाराचे. एसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरला आज्ञा देण्याची सुरक्षित वाट; तिच्यासाठी आपल्या संगणकावर किल्ल्यांची जोडी तयार करावी, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवावी, खासगी किल्ली आपल्या संगणकाबाहेर जाऊ देऊ नये. रूट, म्हणजे सर्वाधिकारी, नसलेला एक वापरकर्ता तयार करून त्याला सुडोचा (गरजेपुरते रूटचे काम करण्याचा) अधिकार द्यावा, त्याच्या नावाने किल्लीने आत जाता येते याची खात्री करावी, आणि मगच पासवर्डने प्रवेश बंद करावा. येथे क्रमाला महत्त्व आहे. यूएफडब्ल्यू ही फायरवॉल (नको असलेल्या जोडण्या अडवणारी भिंत) चालू करण्याआधी तिच्यात एसएसएचला परवानगी दिलेली असली पाहिजे. नाहीतर आपणच बाहेर राहतो आणि पुरवठादाराच्या कन्सोलवरून आत शिरण्याची खटपट करावी लागते. एसएसएचखेरीज वेब पानांचे ८० आणि ४४३ हे दोनच पोर्ट (सर्व्हरची क्रमांकित दारे) उघडे ठेवावेत. काही पुरवठादार सर्व्हरच्या बाहेर आपली वेगळी फायरवॉल ठेवतात. तीत हे पोर्ट बंद असतील तर सर्व्हरवर सारे ठीक असूनही पान उघडत नाही, आणि माणूस तासन् तास चुकीच्या जागी कारण शोधत बसतो.

डोमेनच्या नोंदींमध्ये ए रेकॉर्डला, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या नोंदीला, सर्व्हरचा आयपी पत्ता द्यावा. ही नोंद लवकर केलेली बरी, कारण पुढे सुरक्षित (एचटीटीपीएस) जोडणीचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी नाव आणि पत्ता जुळलेले असावे लागतात.

आता राइटफ्रीली. प्रकल्पाच्या प्रकाशन पानावर लिनक्ससाठी वेगवेगळ्या प्रोसेसरांच्या फाइली असतात. आपला सर्व्हर एएमडी६४ आहे की एआरएम६४, हे आधी पाहून घ्यावे. स्वस्त सर्व्हर अलीकडे बऱ्याचदा एआरएमचे असतात, आणि चुकीची फाइल उतरवली तर प्रोग्राम सुरूच न होता 'एक्झेक फॉरमॅट एरर' एवढाच संदेश देतो. फाइल उलगडण्यासाठी वेगळे फोल्डर ठेवावे, आणि ते चालवण्यासाठी एक वेगळा, लॉगिन नसलेला वापरकर्ता तयार करावा. लेखनाचा प्रोग्राम रूटच्या अधिकाराने कधीही चालवू नये.

त्यानंतर 'कॉन्फिग स्टार्ट' ही आज्ञा दिली की प्रोग्राम एकेक प्रश्न विचारतो. वातावरण कोणते, या प्रश्नाला 'प्रॉडक्शन, रिव्हर्स प्रॉक्सीच्या मागे' हे उत्तर द्यावे, म्हणजे वापर प्रत्यक्ष आहे आणि बाहेरच्या विनंत्या आधी एनजिनएक्स घेईल. डेटाबेससाठी एसक्यूलाइट निवडावे. एकटा लेखक की अनेक, हाही प्रश्न येतो: घरातले दोघे-तिघे किंवा एखादे मित्रमंडळ एकत्र लिहिणार असेल तर अनेकांचा पर्याय घ्यावा, अन्यथा एकट्याचा. मग येतो सार्वजनिक पत्त्याचा प्रश्न, आणि येथे मी सर्वांना थोडे थांबायला सांगतो. राइटफ्रीलीला ॲक्टिव्हिटीपब समजते. हे वेगवेगळ्या सर्व्हरांना एकमेकांशी जोडणारे, वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मान्य केलेले मानक आहे. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावरचा वाचक आपल्या लेखनाचा थेट अनुयायी होऊ शकतो तो त्याच्यामुळे. पण त्या जगात आपली ओळख म्हणजे नाव अधिक डोमेन. उद्या डोमेन बदलले तर तिकडच्या सर्व्हरांच्या लेखी आपण वेगळी व्यक्ती ठरतो आणि अनुयायी मागे राहतात. सर्व्हर हवा तेव्हा बदलता येतो, पण डोमेनचे नाव दीर्घ विचार करून ठरवावे, त्याचे वार्षिक शुल्क चुकवू नये, आणि चाचणीसाठी घेतलेले तात्पुरते नाव या प्रश्नाच्या उत्तरात देऊ नये.

यानंतर 'कीज जनरेट' ही आज्ञा किल्ल्यांचे छोटे फोल्डर तयार करते. वापरकर्त्यांचे ईमेल पत्ते डेटाबेसमध्ये कूटबद्ध होऊन राहतात ते याच किल्ल्यांनी. डेटाबेस जपला आणि किल्ल्या हरवल्या, तर लेख वाचता येतील पण ते पत्ते उलगडणार नाहीत.

प्रोग्राम सतत चालू राहावा म्हणून सिस्टमडी या लिनक्समधल्या प्रोग्राम सुरू ठेवणाऱ्या व्यवस्थेसाठी एक छोटी सर्व्हिस फाइल लिहावी लागते. तीत दोन गोष्टी नेमक्या असाव्यात. वर्किंग डिरेक्टरी राइटफ्रीलीच्या फोल्डरचीच हवी, कारण प्रोग्राम आपली कॉन्फिग फाइल, साचे आणि किल्ल्या चालू फोल्डरमध्ये शोधतो; आणि रीस्टार्टची ओळ हवी, म्हणजे प्रोग्राम कोसळला तरी तो पुन्हा उभा राहील. सर्व्हर एकदा रीबूट करून, हात न लावता पान उघडते का, हे त्याच दिवशी पाहावे.

राइटफ्रीली लोकलहोस्टवर (फक्त सर्व्हरच्या आतून), बहुधा ८०८० या पोर्टवर ऐकते; बाहेरच्या जगाशी बोलण्याचे काम एनजिनएक्सचे. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुला केलेला हा वेब सर्व्हर थोड्या मेमरीत पुष्कळ विनंत्या सांभाळतो. त्याच्या साइट फाइलमध्ये विनंती ८०८० कडे पाठवायची, आणि मूळ होस्टचे नाव व वाचकाचा आयपी पुढे सोपवणारे हेडर (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) लिहायचे. ५०२ 'बॅड गेटवे' दिसले तर एनजिनएक्स शाबूत आहे आणि मागचा प्रोग्राम बंद आहे, किंवा पोर्ट जुळत नाही, असे समजावे. कारण जर्नलसीटीएल या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत सापडते. प्रमाणपत्रासाठी ते देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था आणि ते मिळवून बसवणारा सर्टबॉट हा प्रोग्राम. हे प्रमाणपत्र विनामूल्य असते आणि नेहमीच्या प्रकाराचे ९० दिवस चालते. सर्टबॉट आपला टायमर लावून ते आपोआप नवे करतो, मात्र त्याची 'ड्राय रन' चाचणी एकदा स्वतः घ्यावी.

दिसण्याबद्दल थोडेसे. राइटफ्रीलीचे मूळचे अक्षर लोरा, आणि त्यात देवनागरी नाही. त्यामुळे मराठी मजकूर वाचकाच्या यंत्रावर जो देवनागरी फाँट असेल त्यात उमटतो: अँड्रॉइडवर नोटो, ॲपलवर कोहिनूर, विंडोजवर निर्मला. ते वाचनीयच आहेत. एकसारखे रूप हवे असेल तर मुंबईच्या एक टाइप या समूहाचा 'मुक्त' हा खुल्या परवान्याचा फाँट आपल्याच सर्व्हरवर ठेवून सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांत) जोडता येतो. फाँट जोडा अथवा नको, ओळींमधले अंतर मात्र वाढवावे; रोमन अक्षरांसाठी आखलेल्या अंतरात वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार दाटीवाटीने बसतात, आणि लांब लेख वाचणाऱ्याचे डोळे त्याने थकतात.

राहिला बॅकअप, आणि माझ्या मते उभारणीइतकाच वेळ त्याला द्यायला हवा. डेटाबेस एकच फाइल आहे म्हणून ती नुसती कॉपी करण्याचा मोह होतो; परंतु त्याच क्षणी कोणी लेख जतन करत असेल तर ती प्रत अर्धवट निघू शकते. एसक्यूलाइटची स्वतःची 'बॅकअप' आज्ञा चालू डेटाबेसचीही सुसंगत प्रत काढते. ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमध्ये ती रोज रात्री लावावी, फाइलच्या नावात तारीख घालावी, आणि डेटाबेस, कॉन्फिग फाइल व किल्ल्यांचे फोल्डर या तिन्ही गोष्टी आरसिंक या फाइली नेणाऱ्या-आणणाऱ्या साधनाने सर्व्हरच्या बाहेर, आपल्या घरच्या संगणकावर आणाव्यात. सर्व्हरवरच पडून असलेला बॅकअप सर्व्हरबरोबरच जातो. राइटफ्रीलीची नवी आवृत्ती घेतानाही हेच आधी करावे: प्रत काढावी, प्रोग्राम थांबवावा, मुख्य फाइल, साचे आणि शैलीच्या फाइली बदलाव्यात, डेटाबेसच्या मायग्रेशनची (तो नव्या आवृत्तीला जुळवून घेण्याची) आज्ञा द्यावी आणि मगच प्रोग्राम पुन्हा सुरू करावा.

बॅकअप चालतो की नाही, हे तो परत उभा केल्याशिवाय कळत नाही. म्हणून उभारणीनंतर महिन्याभरात दुसऱ्या पुरवठादाराकडे तासाच्या हिशेबाने एक सर्व्हर घ्यावा आणि त्या तीन गोष्टींवरून सगळे पुन्हा उभे करून पाहावे. खरोखर स्थलांतर करायचे असेल तर आदल्या दिवशी ए रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे इतरत्र ती नोंद लक्षात ठेवली जाण्याचा अवधी, पाच मिनिटांवर आणावा. मग जुन्या सर्व्हरवरचे लेखन थांबवून शेवटची प्रत न्यावी, नव्या सर्व्हरवर प्रोग्राम सुरू करावा, नोंद बदलावी, नव्या जागी प्रमाणपत्र घ्यावे, आणि जुन्या सर्व्हरच्या एनजिनएक्सच्या नोंदींत वाचकांच्या विनंत्या येणे थांबेपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस, तो तसाच चालू ठेवून नंतर काढून टाकावा.