ताट पोचलं, घास पोचला का?

श्रोतेहो, नमस्कार.

माझे एक मामा घड्याळं दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रू काढले आणि बसवले. हाताला कंप म्हणून नाही. सत्तरी उलटल्यावर त्यांना न्यूमोनिया झाला, रुग्णालयात ठेवावं लागलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पण माणसात काही जीव येईना. फाईलमध्ये रोज एकच नोंद. दुपारी ‘भूक नाही’, रात्री ‘भूक नाही’. मग भूक का नाही म्हणून रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली, भूक लागायचं औषधही सुरू झालं.

पाचव्या दिवशी मी जेवणाच्या वेळी तिथे होतो. ताटं गोळा करणाऱ्या मावशी आल्या, मामांचं ताट उचललं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ह्यांचं झाकण रोज तसंच असतं बघा.”

झाकण! ताटावर घट्ट दाबून बसवलेलं प्लॅस्टिकचं झाकण. मामांच्या उजव्या हाताला सलाईन, मनगट फळीला बांधलेलं. एका हाताने ते निघणार कसं? मी म्हटलं, “मामा, बेल नाही का वाजवायची?” तर म्हणाले, “अरे, ती बेल जिवावर बेतलं तर वाजवायची. झाकणासाठी कुणी वाजवतं का?” आणि नर्सने विचारलं की हे आपले ‘भूक नाही’ म्हणून मोकळे. जन्मभर लोकांची घड्याळं उघडली, त्यांना झाकण उघडत नाही हे सांगायची लाज वाटत होती हो! मी झाकण काढलं. मामांनी असा पहिला घास घेतला, की मलाच म्हणावं लागलं, सावकाश, मामा, सावकाश.

झाकणं बनवणाऱ्यांवर मला एकदा वेगळं भाषण द्यायचं आहे. औषधाची बाटली घ्या, रिमोटची मागची पट्टी घ्या. वापरणार म्हातारी माणसं, आणि बनवायची पैलवानांसाठी. असो.

तर, ताट पोचलं म्हणजे घास पोचला असं नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली परिचर्येवरच्या पुस्तकात हेच लिहून ठेवलंय. अन्नाची ददात नसतानाही हजारो रुग्ण उपाशी राहतात, कारण ते त्यांच्या पोटात जाईल कसं, हे कुणी बघत नाही.

बघितलं तर काय होतं? स्वित्झर्लंडमधल्या ८ रुग्णालयांत दोन हजारांहून अधिक रुग्णांवर अभ्यास झाला, २०१९ साली प्रसिद्ध झाला. सगळे कुपोषणाचा धोका असलेले. निम्म्यांना नेहमीचं जेवण, निम्म्यांना आहारतज्ज्ञाने ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे आखून दिलेलं. ३० दिवसांत पहिल्या गटात शंभरातले जवळजवळ १० दगावले, दुसऱ्यात ७. केवळ जेवणाकडे लक्ष दिल्याने!

म्हणून दाखल होताच वजन करून घ्या. तीन ते सहा महिन्यांत आपोआप दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं ७ किलोंच्या वर, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. माणूस अंगाने भरलेला दिसला तरी सांगा. जाड माणूसही कुपोषित असू शकतो. कवळी, चष्मा हाताशी आहे ना, टेबल पुरेसं जवळ आहे ना, ते बघा. आणि ताट परत जाताना किती उरलं ते लिहा. ‘जेवले’ असं नको. अर्धं, पाव, नुसतं दूध, असं लिहा. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, तर उपास चालू ठेवायचा की सोडायचा, हे लगेच विचारा. सकाळचा उपास कुणी न विचारल्यामुळे संध्याकाळपर्यंत लांबतो.

काचेपलीकडून मला हात दाखवताहेत, वेळ झाली. मामांनी अर्धा वेळ खाल्ला. एक राहिलंय ते सांगतो. बरेच दिवस पोटात काही गेलं नसेल, तर एकदम भरपूर भरवू नका. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं, हृदयाला धोका होतो. थोडं थोडं, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वाढवत न्यायचं. मामांना मी ‘सावकाश’ म्हटलं ते ठसका लागेल म्हणून. हे कारण मला नंतर कळलं.

नमस्कार.