पिवळी जर्सी आणि पतपेढीचे नाव

मित्रहो, राबोबँक ही मुळात नेदरलँड्समधील शेतकऱ्यांची सहकारी बँक. रायफायझेन या जर्मन सुधारकाच्या पद्धतीच्या गावपातळीवरील पतपेढ्यांचा एक संघ आणि ‘बुरेनलेनबँक’ या नावाचा दुसरा संघ १९७२ साली एकत्र आले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘राबो’ तयार झाले. आपल्याकडचा १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदाही रायफायझेनच्याच नमुन्यावर बेतलेला होता. तेव्हा गावच्या पतपेढीचे नाव छातीवर लावून कोणी ‘टूर द फ्रान्स’ ही जगातली सर्वांत अवघड सायकल शर्यत जिंकायला निघाला, तर त्या नावाचे ओझे किती असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

राबोबँकेच्या नावाचा सायकल संघ बँकेने नव्याने उभारलेला नव्हता. डच संघप्रमुख पीटर पोस्ट आणि त्यांच्या संघातले सायकलपटू यान रास यांचे बिनसल्यावर १९८४ मध्ये रास यांनी स्वतःचा संघ काढला. त्याचे प्रायोजक बदलत गेले, आणि १९९६ पासून त्यावर राबोबँकेचे नाव आले. ही वेळ लक्षात घेण्याजोगी आहे. एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, हे मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक. ते रक्तातील तांबड्या पेशी वाढवते, म्हणूनच आपल्याकडेही डायलिसिसवरच्या रुग्णांना त्याची इंजेक्शने दिली जातात. धडधाकट सायकलपटूने ते घेतले, तर त्याचे रक्त अधिक प्राणवायू वाहून नेते. नव्वदच्या दशकात ते पकडणारी चाचणीच नव्हती. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने फक्त एवढेच ठरवले, की पुरुष स्पर्धकाच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या वर आढळले, तर त्याला काही दिवस शर्यतीबाहेर बसवायचे. म्हणायला ही आरोग्याची मर्यादा होती, पण तिचा अर्थ सगळ्यांनी सोयीने लावला: एकोणपन्नासपर्यंत रान मोकळे. अशा वेळी संघाचा डॉक्टर हा केवळ उपचार करणारा माणूस राहत नाही. मर्यादेच्या आत कसे राहायचे, हे मोजून देणारा हिशेबनीस होतो.

आता २००७ च्या जुलैमधल्या ‘टूर द फ्रान्स’कडे येतो. राबोबँकेचा डॅनिश चढाईपटू मायकेल रास्मुसेन याने आल्प्समधील तीन्यचा टप्पा जिंकून पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत सर्वांत पुढे असणाऱ्याचा सदरा, मिळवली होती. २५ जुलैला पिरेनीजमधील ओबिस्क घाटाच्या माथ्यावर त्याने पुन्हा टप्पा जिंकला आणि स्पॅनिश प्रतिस्पर्धी आल्बेर्तो कोन्तादोरवरची आघाडी तीन मिनिटांच्या वर नेली. पॅरिस चार दिवसांवर होते. त्याच रात्री संघानेच त्याला शर्यतीतून काढून घरी पाठवले.

हे का घडले, ते बारकाईने पाहिले पाहिजे, कारण रास्मुसेनची एकही चाचणी तेव्हा दोषी ठरलेली नव्हती. शर्यती नसतानाही अचानक चाचणी घेता यावी, म्हणून खेळाडूने आपला ठावठिकाणा कळवायचा असतो. जून महिन्यात आपण मेक्सिकोत होतो, असे त्याने सांगितले होते. पण माजी सायकलपटू आणि इटालियन समालोचक दाविदे कासानी यांनी त्याच सुमारास त्याला डोलोमाइट पर्वतात सराव करताना पाहिले होते. तेव्हा शिक्षा झाली ती खोट्या पत्त्याची. औषधाचा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. तो प्रश्न विचारला असता, तर उत्तर एकट्या रास्मुसेनपाशी थांबले नसते.

त्यानंतर ऑगस्टमध्ये संघप्रमुख थिओ दे रोय पायउतार झाले. त्यांनी २०१२ मध्ये एका डच वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीचा मथितार्थ असा होता, की त्यांच्या कारकिर्दीत डोपिंग, म्हणजे बंदी असलेल्या औषधांचा वापर, खपवून घेतले जात होते. कुणावर सक्ती नव्हती आणि निर्णय वैद्यकीय पथकाच्या पातळीवर होत, हाही त्या म्हणण्याचाच भाग होता. हा युक्तिवाद मला तरी फसवा वाटतो. पगार संघाचा, डॉक्टर संघाचा, आणि जबाबदारी तेवढी खेळाडूची! डॉक्टरने पाहिले नाही, असे व्यवस्थापन म्हणू शकत नव्हते. म्हणून आपण विचारले नाही, एवढेच म्हणण्याची सोय त्याने राखून ठेवली.

बँकेची सहनशक्ती संपली ती ऑक्टोबर २०१२ मध्ये. अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या डोपिंगविषयी अमेरिकी डोपिंगविरोधी संस्थेने जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात राबोबँकेकडून २००२ ते २००४ या काळात खेळलेल्या लीवाय लाइफहायमर या सायकलपटूचीही डोपिंगची कबुली होती. १९ ऑक्टोबरला बँकेने जाहीर केले, की आंतरराष्ट्रीय व्यावसायिक सायकलिंग हा स्वच्छ खेळ होऊ शकेल, असा विश्वास आपल्याला उरलेला नाही. पुढच्या मोसमाचे पैसे करारानुसार देणे भाग होते, ते तिने दिले. नाव मात्र काढून घेतले. संघ २०१३ मध्ये ‘ब्लँको’, म्हणजे कोरा, या नावाने उतरला. डच सायकलपटू मारिआने फॉसच्या महिला संघामागे बँक पुढेही काही वर्षे उभी राहिली, हे मात्र नमूद केले पाहिजे.

नाव गेल्यावर तोंडे उघडली. जानेवारी २०१३ मध्ये रास्मुसेनने १९९८ ते २०१० अशा बारा वर्षांच्या डोपिंगचा हिशेब मांडला. मार्चमध्ये संघाचा लाडका डच खेळाडू मायकेल बोखर्ड याने ईपीओ, कॉर्टिसोन आणि शेवटच्या वर्षांत स्वतःचे साठवलेले रक्त पुन्हा चढवून घेणे, हे सारे कबूल केले. संघाचे माजी डॉक्टर खेर्ट लाइंडर्स यांच्यावर २०१५ मध्ये आजन्म बंदी आली.

आणि रशियन सायकलपटू देनिस मेन्शोव. त्याने २००९ च्या मे महिन्यात राबोबँकेसाठी ‘जिरो द’इतालिया’ ही इटलीची मोठी शर्यत जिंकली. पुढे जैविक पारपत्राच्या आधारे, म्हणजे रक्ताच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ताडून, त्याच वर्षीच्या जुलैमधली त्याची ‘टूर द फ्रान्स’ची कामगिरी रद्द झाली. जिरोच्या विजेत्यांच्या यादीत मात्र २००९ समोर आजही त्याचेच नाव आहे.