'बसा' म्हणताना जोर कुठं पडतो

(वेरूळ-अजिंठ्याला स्पॅनिश बोलणारे पर्यटक नेणाऱ्या गाइड मंडळींपुढं छत्रपती संभाजीनगरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

मे महिन्यातली दुपार, कैलास लेण्याचं आवार. कातळ तापलेला. पासष्टीची एक पाहुणी पदराएवढ्या रुमालानं कपाळ टिपतेय, आणि त्या क्षणी तुम्हाला एकच शब्द हवा असतो: बसा. सावलीला बसा. आज मी त्या एका शब्दावर बोलणार आहे. तो नीट कळला की त्याच्या मागोमाग झोपा, जागे व्हा, कपडे घाला, मजा करा हे सगळे येतात.

स्पॅनिशमध्ये 'सेंतार' म्हणजे बसवणं. बसणं नव्हे. लेकराला पाटावर बसवतो, ते बसवणं. स्वतः बसायचं असेल तर शेपटीला 'से' लागतो: सेंतार्से, म्हणजे स्वतःला बसवणं. आपण 'बस'ला 'व' लावून 'बसव' करतो. ते 'बसव'ला 'से' लावून 'बस' करतात. वाट तीच, फक्त चालायची दिशा उलटी. 'आकोस्तार' निजवणं, 'आकोस्तार्से' निजणं. 'देस्पेर्तार' जागं करणं, 'देस्पेर्तार्से' जागं होणं. 'दोर्मीर'ची गंमत थोडी वेगळी आहे. ते नुसतंच झोपणं, पण 'दोर्मीर्से' म्हणजे डोळा लागणं.

आता आज्ञा. ज्याला अरे-तुरे करतो त्याच्यासाठी 'तो बसवतो' हे रूप घ्यायचं, स्येंता, आणि त्याला 'ते', म्हणजे 'तुला', चिकटवायचं. स्येंताते: बस. आक्वेस्ताते: नीज. देस्प्येर्ताते: जागा हो. द्वेर्मेते: झोप आता, तिकडच्या आया अंगाई म्हणताना हाच शब्द म्हणतात.

'सेंतार'मधला साधा 'से' इथं 'स्ये' झाला, 'को'चा 'क्वे' झाला. विद्यार्थी इथंच घाबरतात, आणि मला ते मनापासून खटकतं, कारण हा कान आपल्याकडं आधीच आहे. आपल्या गावाकडं 'एक' कोण म्हणतं? येक. 'ओळख' नव्हे, वळख. 'ओढा' नव्हे, वढा. जांबच्या समर्थांनीही 'येक'च लिहिलं. 'ए'च्या आधी 'य' आणि 'ओ'च्या जागी 'व' सरकणं आपल्या जिभेला परकं नाही. स्पॅनिशमध्ये हे जोराच्या अक्षराखाली घडतं. लॅटिनमधला 'पेत्रा' तिथं 'प्येद्रा' झाला, म्हणजे दगड. तो शब्द तर तुम्ही दिवसभर वापरता.

जोर हीच सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. 'स्येंता'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर. 'ते' चिकटल्यावर शब्द लांबला, पण जोर हलला नाही; तो आता शेवटून तिसऱ्या अक्षरावर आला. आणि शेवटून तिसऱ्यावर जोर असेल तर त्या स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ काढायचीच, हा स्पॅनिश लेखनाचा नियम आहे. पाहुण्यांना मोबाइलवर निरोप लिहिताना ती रेघ गाळू नका.

आपली पाहुणी पासष्टीची आहे, तिला 'तू' नको. 'बसा' म्हणायला आतला 'आ' बदलून 'ए' होतो आणि 'ते'चा 'से': स्येंतेसे. अनेक जण असतील तर स्येंतेन्से. ज्या क्रियापदांचा शेवट 'ईर' असतो तिथं हे उलटं: बेस्तीर्से, कपडे घालणं, याचं 'बीस्तेते' म्हणजे घाल, आणि 'बीस्तासे' म्हणजे घाला.

या उलटापालटीत एक फसवी जोडी आहे, ती मी दर वर्गात फळ्यावर लिहून ठेवतो. 'सेंतीर्से' म्हणजे वाटणं, जाणवणं. त्याची आज्ञा 'तू'साठी 'स्येंतेते', आदराच्या 'तुम्ही'साठी 'स्येंतासे'. बघा, 'स्येंताते' बस, 'स्येंतेते' तुला तसं वाटू दे. 'स्येंतेसे' बसा, 'स्येंतासे' तुम्हाला तसं वाटू द्या. एका मात्रेचा फरक. घरी आलेल्याला 'घर आपलंच समजा' म्हणायचं तर: स्येंतासे कोमो एन सु कासा. आणि त्याला खुर्ची दाखवताना: स्येंतेसे. दोन्ही एकाच दारात लागतात.

जोर पुढं गेला की 'य' मागं सरकतो. आपलं 'मीठ' पण 'मिठाचं', तसंच. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला 'बसा रे' म्हणताना 'सेंताओस'. जोर 'ता'वर, म्हणून 'स्ये' नाही. 'बसू या' म्हणताना 'सेंतेमोनोस'. इथं 'सेंतेमोस'चा शेवटचा 'स' 'नोस' जोडताना गळतो. 'ईर'वाले मात्र इथंही थोडे बदलतात: बीस्तामोनोस, दुर्मामोनोस.

एका मुलीच्या वहीत 'सेंताते', जोर 'ता'वर, असं होतं. मी ते खोडलं. तिनं ते अर्जेंटिनाच्या पाहुण्यांकडून ऐकलं होतं, आणि तिकडं ते पूर्ण बरोबर आहे. ते 'तू'ऐवजी 'वोस' म्हणतात, त्यात जोर पुढं जातो आणि स्वर बदलत नाही. मी दुसऱ्या दिवशी वर्गात तिची माफी मागितली. तेव्हापासून कुणाचा शब्द खोडण्याआधी तो कुठून आला ते विचारतो.

आता परत त्या आवारात चला. पाहुणी थकून जवळच्या उन्हातल्या दगडाकडं वळलीय. नकार आला की चिकटलेला 'से' सुटून पुढं येतो आणि वरची रेघही जाते. हात पुढं करा आणि म्हणा: नो से स्येंते आई (इथं 'आई' म्हणजे 'तिथं'). तिथं बसू नका. मग सावलीकडं बोट दाखवून: स्येंतेसे आकी. इथं बसा.