दिवस राहण्याआधीचे सहा महिने

ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार. त्याच्या दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात, आणि बहुतेकींना तो ऐन मूल होण्याच्या वयात गाठतो. तरी तपासणीत सांधे, त्वचा, मूत्रपिंड यांवरच बोलणं होतं. ‘तुम्हाला मूल हवंय का, आणि कधी?’ हे विचारायचं राहूनच जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पुढचं पुष्कळसं त्या एका प्रश्नावर ठरतं.

आजार निदान सहा महिने शांत असताना दिवस राहिले, तर बाळंतपण सुखरूप होण्याची शक्यता खूप वाढते. मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट यांसारखी औषधं गर्भाला घातक. ती आधीच बदलून घ्यावी लागतात. पण होतं काय, पाळी चुकली की घाबरून सगळ्याच गोळ्या बंद केल्या जातात. त्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही थांबतं, जे ल्युपसमध्ये गरोदरपणातही चालू ठेवायचं असतं. मग आजार उसळतो आणि त्याचा त्रास आईबरोबर बाळालाही होतो. आजार शांत होईपर्यंत गर्भनिरोधक हवंच, मात्र रक्तात अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं असतील तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या नकोत. गुठळ्यांचा धोका वाढतो.

या प्रतिपिंडांवर जरा थांबते. 1983 मध्ये लंडनला डॉक्टर ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यामुळे होणाऱ्या विकाराचं वर्णन केलं. त्याआधी कितीजणींना पाठोपाठच्या गर्भपातांचं कारण कळलंच नसेल! आपल्याच शरीरानं बनवलेली ही प्रतिपिंडं वारेवर हल्ला करतात. तिथे दाह होतो, गुठळ्या होतात, वार नीट रुजत नाही आणि बाळाचं पोषण तुटतं. यात त्या बाईनं जिना चढला, वजन उचललं, याचा काहीएक संबंध नसतो. हे तिच्या घरच्यांनीही ऐकायला हवं. रक्ततपासणी किमान 12 आठवड्यांच्या अंतरानं दोनदा करतात. निदान पक्कं झालं की कमी मात्रेतलं ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं देतात, आणि त्यानंतर बहुतेकींच्या हाती बाळ येतं.

ल्युपसच्या काही रुग्णांत आढळणारी रो नावाची प्रतिपिंडं वेगळी. ती वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि क्वचित, शंभरात एक-दोन बाळांमध्ये, हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून साधारण 18 ते 26 आठवड्यांत बाळाच्या हृदयावर लक्ष ठेवतात.

प्रतिकारशक्ती इतरत्रही उलटते. थायरॉइडवरचा हल्ला पाळी बिघडवतो. बीजकोशांवरचा हल्ला चाळिशीच्या आतच पाळी थांबवू शकतो.

ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची, म्हणजे प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते त्या आजाराची, तऱ्हा न्यारी. गरोदरपणात अनेकींचे सांधे चक्क निवतात. 1938 मध्ये अमेरिकी डॉक्टर फिलिप हेंच यांनी हे नोंदवलं. त्याच विचाराचा माग काढत पुढे कॉर्टिसोन हे दाह कमी करणारं संप्रेरक उपचारात आलं आणि 1950 चं नोबेल मिळालं. पण बाळंतपणानंतर काही आठवड्यांत दुखणं पुन्हा उसळतं. बाळाला उचलायचं असतं तेव्हाच मनगटं सुजलेली असतात. अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत. ती कोणती, हे सातव्या-आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा, आणि रात्री बाळाला उचलून तुमच्या हातात कोण देणार, तेही.