डाळिंबाची बी दुखवू नका

श्रोतेहो, नमस्कार. ‘डाळिंब चांगलं गोड होतं, रस काढला आणि कडू झाला,’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यात फळाचा दोष फार क्वचित असतो. डाळिंबाच्या दाण्यात गोडवा आहे तो बीभोवतीच्या रसाळ गरात. आतली बी आणि दाण्यांमधला पिवळट-पांढरा पापुद्रा, दोन्ही तुरट-कडवट. साल तर त्याहून तुरट. बी भरडली, पापुद्रा चुरडला की रस कडू होणारच. आज आपण जे काही करणार आहोत, ते बी न दुखवता कसं करायचं तेवढं लक्षात ठेवा. वही-पेन जवळ घ्या, प्रमाणं सांगणार आहे.

आधी खरेदी. आपल्या कोल्हापुरात पंचगंगेकाठचं उसाचं रान डाळिंबाला मानवत नाही, त्याला कोरडी हवा आणि निचऱ्याची जमीन लागते. म्हणून लक्ष्मीपुरीत, महाद्वार रोडला आपण घेतो ते डाळिंब बहुतेक सांगोला, पंढरपूर, आटपाडी या भागातलं. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच पट्ट्यातल्या फळाला. गाडीवर जास्त करून भगवा वाण असतो : गडद लाल दाणा, जाड साल. कधी गणेश मिळतो. फळबागतज्ज्ञ डॉ. चिमा यांनी १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेला हा वाण. दाणा फिकट गुलाबी, पण बी मऊ. सरबताला रंग हवा तर भगवा घ्या. घरात वयस्कर माणसं असतील आणि कोशिंबीर करायची असेल, तर गणेश बघा, दाताला त्रास होत नाही.

फळ चेंडूसारखं गोल गरगरीत दिसलं तर थांबा. आत दाणे भरले की ते सालीला बाहेर रेटतात आणि फळाला जरा चौकटी, कंगोरे येतात. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. वरच्या तुऱ्यात बोट घालून बघा, ओलसर किंवा काळं लागलं तर ठेवून द्या. सालीला बारीक भोक असेल तर अळी आत गेलेली असते. तेल्या रोगाचे काळे डाग नुसते सालीवर असतील, साल तडकलेली नसेल, तर आतले दाणे बहुधा चांगले निघतात, फळही स्वस्त मिळतं. एक मात्र नक्की : डाळिंब आंब्यासारखं अढीत पिकत नाही. झाडावरून कच्चं उतरवलं तर ते कच्चंच राहतं.

आता सोलणं. लोखंडी विळीवर डाळिंब चिरून बघा, पातं निळसर काळं पडतं, बोटंही काळी होतात. सालीतल्या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संबंध आला की असं होतं. म्हणून स्टीलची सुरी. तुऱ्याच्या खाली बोटभर अंतरावर गोल फिरवून टोपी काढा. आत पांढऱ्या रेषांनी पडलेले पाच-सहा कप्पे दिसतील. त्या रेषांवरून फक्त सालीत चिरा द्या, सुरी खोल घालू नका. मग पातेलंभर पाण्यात फळ धरून हातानं उकला आणि अंगठ्यानं दाणे मोकळे करा. दाणे तळाशी बसतात, पापुद्रा वर तरंगतो, तो झाऱ्यानं काढून टाका. दाणे लगेच चाळणीत उपसा, पाण्यात पडून राहिले तर फुटलेल्या दाण्यांचा रस पाण्यात जातो. पंचावर पसरून कोरडे केले आणि डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवले की तीन-चार दिवस चांगले राहतात. ओले भरले तर दुसऱ्या दिवशीच बुळबुळीत होतात.

कधी वरून झकास दिसणाऱ्या फळात दाणे तपकिरी, मऊ निघतात. झाडावर फळ जास्त दिवस राहिलं की हे होतं. चार दाणे चाखून बघा, आंबूस वास आला तर ते फळ वापरू नका.

कोशिंबीर घेऊ. दोन वाट्या दाणे, एक वाटी घट्ट, ताजं दही, दोन चमचे शेंगदाण्याचा कूट, एक हिरवी मिरची, पाव चमचा साखर, मीठ. दही, मीठ, साखर आणि कूट आधी कालवा. एक चमचा तुपात जिरं तडतडवा, मिरचीचे तुकडे घाला, गॅस बंद करा आणि फोडणी कोमट झाली की दह्यावर ओता. कडकडीत ओतली तर दही फुटतं. उपासाला हीच चालते. एरवी चिमूटभर हिंग आणि कोथिंबीर घाला. डाळिंबाचे दाणे मात्र पानं वाढायला घेतल्यावरच मिसळायचे. मीठ आणि साखर लागली की दाण्याला पाणी सुटतं, अर्ध्या तासात दही गुलाबी आणि पातळ होतं. चव बिघडत नाही, पण पांढऱ्या दह्यात लाल दाणा उठून दिसतो ती शोभा जाते. भडंग किंवा भेळेवर दाणे टाकतानाही हेच. आधी टाकले की चुरमुरे सादळतात.

दहीभाताला एक वाटी तांदळाचा मऊ भात पूर्ण गार करा, त्यात एक वाटी गार दूध आणि अर्धी वाटी दही. दुधामुळे भात डब्यात आंबत नाही. वर अर्धी वाटी दाणे. फ्रूट सॅलडमध्येही दाणे अख्खे आणि दूध गार झाल्यावरच घाला. गरम दुधात डाळिंबाचा रस गेला की दूध नासतं.

आता रस. एक किलो डाळिंबांचा साधारण चारशे मिली रस निघतो, थोडं कमी-जास्त. मिक्सरमध्ये दाणे घेऊन बटण नुसतं दाबायचं आणि सोडायचं, तीन वेळा, प्रत्येक वेळी एक-दोन सेकंद. गर फुटतो, बी अख्खी राहते. मिक्सर सलग फिरवला तर बीचं पीठ होतं, रस गढूळ आणि कडवट होतो, आणि मग कितीही साखर घातली तरी तो कडवटपणा जिभेवर राहतो. गाळताना चमच्यानं चोथा घासू नका. पातळ फडक्यात बांधून हलकेच पिळा.

उरलेल्या रसाचं सरबत करून ठेवता येतं. अर्धा लिटर रस, अर्धा किलो साखर, दोन लिंबांचा रस. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर साखर विरघळू द्या, एक उकळी आली की लगेच उतरवा. जास्त उकळलं की लाल रंग तपकिरीकडे झुकतो. लिंबू चवीसाठी आहेच, पण आंबटपणानं लाल रंगही टिकतो. भगव्यात स्वतःचा आंबटपणा कमी असतो, म्हणून लिंबू वगळू नका. लोखंडी कढई अजिबात नको, रस शाईसारखा काळा होईल. आपल्या कोल्हापूरचा गूळ घालायचा मोह होतो. चव छान लागते, पण रंग तपकिरी येतो. पाहुण्यांसाठी करत असाल तर साखरच बरी. गार झालं की कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि पंधरा दिवसांत संपवा. एका ग्लासला तीन मोठे चमचे, गार पाणी आणि चिमूटभर सैंधव.

भेळेची चटणी वेगळी करायची असेल तर चिंचेऐवजी आटवलेला रस वापरून बघा. एक लिटर रस, शंभर ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, मंद आचेवर तासभर, एक चतुर्थांश उरेपर्यंत. इथं रंग काळपट होणं साहजिक आहे. चमच्याला पातळ मधासारखा लेप बसला की उतरवा, गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो. पार घट्ट होईपर्यंत आटवला तर बाटलीतून निघत नाही.

आणि डाळिंब सोलताना पदरावर, शर्टावर डाग पडला तर लगेच साबण लावू नका. साबणानं लाल डाग निळसर-करडा होतो आणि पक्का बसतो. आधी उलट्या बाजूनं गार पाण्याची धार सोडा, मग लिंबाची फोड चोळून पाच मिनिटं ठेवा, पुन्हा गार पाणी, आणि डाग फिका झाल्यावरच साबण.