पलीकडून ‘मोशी मोशी?’

(काळा पडदा. ऑफिसातल्या फोनची रिंग. कुणीतरी रिसीव्हर उचलतं.)

चाकणच्या एका कारखान्यात, खरेदी विभागात, माझ्या नोकरीचा तो दुसरा आठवडा. फोन जपानहून होता. पलीकडचे गृहस्थ शांतपणे, जपानीत, एकेक शब्द सुटा करून सांगत होते. सुट्या भागांची पेटी मंगळवारी नाही, गुरुवारी निघेल. पेटीवरचं लेबल बदललंय. जुन्या नंबरानं शोधू नका, सापडणार नाही. मला सगळं समजत होतं. पार क्रियापदाच्या शेपटापर्यंत. मी वहीत टिपूनही घेत होते. आणि बोलता बोलता ते मध्येच थांबले. म्हणाले, “मोशी मोशी?”

हॅलो, आहात ना?

होते की! चांगली कान देऊन बसले होते. फक्त माझ्या बाजूनं आवाज नव्हता. मी गडबडून “हाइ”, म्हणजे हो, म्हटलं आणि ‘समजलं’ म्हणायला गेले. त्यासाठी वर्गात दोन शब्द शिकवले होते. साधा ‘वाकारिमाशिता’ आणि गिऱ्हाइकाशी, मोठ्या माणसांशी अदबीनं बोलायचा ‘काशिकोमारिमाशिता’. यातला कुठला वापरावा हे माझं ठरेपर्यंत पलीकडून पुन्हा “मोशी मोशी?” शेवटी त्यांनी फोन ठेवला आणि सगळा मजकूर ईमेलनं पाठवून दिला. इंग्रजीत.

(दृश्य: भिंतीवरचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

आणि घरी भिंतीवर हे लटकत होतं. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा. तिची मधली पायरी एन-थ्री, उत्तीर्ण. आईनं हौसेनं फ्रेम करून आणलेलं.

(दृश्य: फर्ग्युसन रस्ता, रानडे इन्स्टिट्यूटचा परिसर. पाठीवर सॅक घेतलेली मुलं.)

पुण्यात जपानी शिकणं ही काही नवलाई राहिलेली नाही. रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, आणि सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या दिवाणखान्यात भरणारे खासगी वर्ग आहेत. जुलैचा पहिला रविवार आणि डिसेंबरचा पहिला रविवार, हे या मंडळींचे वर्षातले दोन मोठे दिवस. जेएलपीटी त्याच दिवशी असते.

ही परीक्षा 1984 साली सुरू झाली. 2010 पासून तिच्या पाच पायऱ्या आहेत, सगळ्यात सोपी एन-फाइव्ह आणि सगळ्यात अवघड एन-वन. एकूण गुण 180. एन-थ्रीला 95 मिळाले आणि प्रत्येक भागात किमान 19 राखले की पास. शब्द येतात का, व्याकरण येतं का, उतारा कळतो का, ऐकलेलं कळतं का, हे सगळं ती तपासते. पर्यायांतला एक निवडायचा आणि पेन्सिलीनं गोल काळा करायचा. संपूर्ण परीक्षेत तोंडातून एक शब्द काढावा लागत नाही. अगदी एन-वनलासुद्धा नाही.

यात परीक्षेची फसवणूक मुळीच नाही. बोलणं आणि लिहिणं आम्ही थेट मोजत नाही, हे ती उघड सांगते. ते कानाआड करतो आपण. प्रमाणपत्रावर ‘जपानी भाषा’ असं वाचलं की आपण समजून चालतो, आली भाषा.

(दृश्य: गणपतीची आरती. टाळ, झांजा, भरलेलं घर.)

येणं आणि ओळखता येणं यातला फरक पाहायचा असेल तर गणपतीच्या दिवसांत कुठल्याही मराठी घरात जावं. झांजांच्या गजरात सगळ्यांना आरती येते. आता त्यातल्या एकाला बाजूला घ्या, झांजा थांबवा आणि म्हणा, एकट्यानं म्हणून दाखव. दुसऱ्या कडव्याशी गाडी अडते. आणि ‘फणिवरबंधना’चं ‘फळीवर वंदना’ वर्षानुवर्षं होत होतं, हे त्या दिवशी कळतं. घोळक्यात आपण दुसऱ्याच्या आवाजावर अर्धी पावली टेकून चालत असतो. ऐकून समजणं तसंच असतं. समोरच्यानं शब्द पुढे केलेला असतो, आपण फक्त त्याला ओळख द्यायची. बोलताना तो शब्द आपल्याच कोठीतून, अंधारात चाचपडत काढून आणायचा असतो.

(दृश्य: कॅनडाचा नकाशा, माँट्रियल शहर. शाळेची जुनी छायाचित्रं.)

याचा मोठा दाखला कॅनडात आहे. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावात 1965 साली इंग्रजीभाषक पालकांनी एक प्रयोग घडवून आणला. मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमध्येच शिकवायचं. गणित फ्रेंच, गोष्टी फ्रेंच, बाईंचं रागावणंही फ्रेंच. प्रयोग पुढे देशभर पसरला. काही वर्षांनी मेरिल स्वेन या भाषाशास्त्रज्ञ अशा वर्गांतली मुलं तपासत होत्या. ऐकून आणि वाचून समजण्यात ती फ्रेंचभाषक मुलांच्या जवळपास पोचली होती. बोलायला लागली की मात्र व्याकरण ढासळायचं. इतकी वर्षं कानावर फ्रेंच पडूनही!

स्वेन यांनी 1985 साली यावर आपलं म्हणणं मांडलं. मुलांना ऐकायला भरपूर मिळालं, पण बोलायला भाग पाडणारे प्रसंग फार थोडे आले. ऐकताना माणूस अर्थावरून अंदाज बांधून निभावून नेतो, शेवटचा प्रत्यय ऐकू आला नाही तरी अडत नाही. बोलताना प्रत्यय टाळता येत नाही, तो कुठला लावायचा हे ठरवावंच लागतं. आणि आपल्याला काय येत नाही, हेही त्याच क्षणी कळतं.

न्यू जर्सीतल्या मराठी घरात आजी विचारते, “जेवलास का रे?” आणि नातू इंग्रजीत उत्तर देतो. आजीला उत्तर कळतं, नातवाला प्रश्न कळलेला असतो. काहीच अडत नाही. म्हणूनच त्याची मराठी पुढे सरकत नाही.

(दृश्य: वहीवर एकाखाली एक लिहिलेली दोन वाक्यं, एक मराठी, एक जपानी. बोट एकेका शब्दावर फिरतं.)

आता गंमत अशी, की मराठी माणसाला जपानी वाक्यरचना परकी नाहीच. ‘काल पुण्याहून मुंबईला ट्रेननं गेले.’ जपानीत, ‘किनो पुने कारा मुंबाइ ए देन्शा दे इकिमाशिता.’ किनो, काल. पुने कारा, पुण्याहून. देन्शा दे, ट्रेननं. क्रियापद शेवटी. एक शब्द इकडचा तिकडे करावा लागत नाही. प्रश्न विचारायचा तर आपण शेवटी ‘का’ लावतो, तेही शेवटी ‘का’च लावतात. ‘उकडतंय ना’ मधल्या ‘ना’च्या जागी त्यांचा ‘ने’ आहे. पहिल्या महिन्यात हे कळतं तेव्हा वर्गात हशा पिकतो.

मग अडतं कुठे? माझ्यापुरतं सांगते. पुस्तकातली स्पष्टीकरणं इंग्रजीत, शब्दांचे अर्थ इंग्रजीत, वर्गात शंका विचारायची तीही इंग्रजीत. त्यामुळे मनात मराठीत उठलेलं वाक्य मी आधी इंग्रजीत उलटं करायचे आणि मग जपानीत पुन्हा सुलटं. कोथरूडहून कर्वेनगरला हडपसरमार्गे जाण्यासारखं. हा वळसा मी घालतेय, हे कळायलाच मला दोन वर्षं लागली.

आणि दुसरी अडचण, अस्सल पुणेरी. आम्हाला बोलण्याआधी चुका काढता येतात. दुसऱ्याच्या आणि स्वतःच्याही. तोंड उघडण्यापूर्वीच वाक्याचं शुद्धलेखन तपासून होतं, आणि तेवढ्यात गाडी निघून गेलेली असते.

(दृश्य: दोन माणसं बोलताहेत. आवाजाच्या लहरी पडद्यावर, मधली फट मोजणारी रेघ.)

गाडी किती वेगानं निघून जाते, याचं मोजमाप झालेलं आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात मॅक्स प्लांक संस्थेचं भाषेच्या मानसशास्त्राला वाहिलेलं केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी 2009 साली दहा भाषांतली रोजची संभाषणं तपासली. हो-नाहीत उत्तर येणारा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा. डॅनिश लोक सर्वांत संथ, जवळजवळ अर्धा सेकंद घेणारे. आणि सर्वांत चपळ? जपानी. त्यांची सरासरी फट जवळपास शून्य.

आता हे शेजारी ठेवा. साधं चित्र दाखवून, याला काय म्हणतात, असं विचारलं तर स्वतःच्या मातृभाषेतही तोंडातून शब्द निघायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं बोलणं संपायच्या आतच माणूस आपलं उत्तर रचू लागतो. मी काय करत होते? आधी पूर्ण ऐकायचं, मग भाषांतर, मग रचना, मग तपासणी. फोनवरच्या त्या गृहस्थांना माझी शांतता केवढी लांब वाटली असेल!

(दृश्य: रस्त्याकडेला घिसाड्यांचं पाल. भाता, ऐरण, तापलेलं लोखंड.)

जपानीत एक शब्द आहे, आइझुची. समोरचा बोलत असताना ऐकणाऱ्यानं मधूनमधून दिलेले छोटे प्रतिसाद. ‘हाइ.’ ‘एए.’ ‘सो देस का’, म्हणजे असं होय. ‘नारुहोदो’, म्हणजे अच्छा, आलं लक्षात. हा शब्द लोहाराच्या भट्टीतून आलाय. उस्ताद हातोडीचा ठोका देतो, समोरचा मदतनीस त्याच्या ठोक्याला जोडून आपला घाव घालतो. तो जोडीचा घाव म्हणजे आइझुची. आपल्याकडे रस्त्याकडेच्या पालावर हे अजून दिसतं. नवरा सांडशीत लोखंड धरून हातोडीनं जागा दाखवतो आणि बायको घण घालते. एकाचा ठोका चुकला की दुसऱ्याचा हात थांबतो.

फोनवर नेमकं हेच झालं होतं. ते ठोके देत होते आणि माझा घण खालीच टेकलेला.

मला हा शब्द वर्गात भेटला होता. व्याख्येसकट पाठ होता. पण त्याचा अर्थ आजीच्या गोष्टींनी सांगितला. रात्री अंधारात आजी गोष्ट सांगायची, तेव्हा आम्ही मुलांनी ‘हं’ म्हणत राहायचं असा नियम होता. हुंकार थांबला की गोष्ट थांबायची. “झोपलीस का गं?” तेच ‘मोशी मोशी’. पोवाड्यात शाहिराच्या मागे ‘जी जी रं जी’ करणारे झीलकरी असतात, तेही हेच करतात. हुंकार द्यायला मी लहानपणीच शिकले होते. जपानीत शिरताना तो दारात काढून ठेवला होता, इतकंच.

म्हणून मी बोलायला सुरुवात केली ती वाक्यांपासून नाही, हुंकारापासून. जपानी रेडिओवरच्या गप्पा लावायच्या आणि माणसाशी बोलावं तसं त्यांना उत्तर द्यायचं. हाइ. सो देस ने. एए, होंतो देस का? म्हणजे, खरंच का? घरच्यांना वाटलं, हिला काहीतरी झालंय. हुंकार द्यायचा तर तो कुठे द्यायचा हे आधी कळावं लागतं, म्हणजे वाक्य कुठे वळणार याचा अंदाज बांधत ऐकावं लागतं. आणि हुंकारानं अर्धा सेकंद पदरात पडतो. त्या अर्ध्या सेकंदात पुढचा शब्द सापडतो. नाही सापडला तर ‘एतो…’ म्हणायचं, आपण ‘म्हणजे ते हे…’ म्हणतो तसं. हा ‘एतो’ मला कुठल्याच परीक्षेनं विचारला नव्हता.

(दृश्य: इअरफोन लावून चालणारी व्यक्ती, ओठ हलताहेत.)

मग सावली. दुभाष्यांच्या प्रशिक्षणातली ही जुनी रीत. ऐकू येणारं वाक्य संपण्याची वाट न पाहता, अर्धं पाऊल मागून तेच म्हणत जायचं. अर्थाच्या मागे लागायचं नाही. पहिले पंधरा दिवस जीभ अडखळते, मग तिला रस्ता माहीत होतो.

(दृश्य: सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान. तळं, लाकडी पूल, नीट छाटलेली हिरवळ.)

आणि ही बाग. पुणे आणि ओकायामा यांच्या मैत्रीतून उभी राहिलेली, ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर आखलेली. इथे आम्ही चौघं रविवारी भेटायचो. खेळ एकच. आठवड्यात घडलेली एक गोष्ट एकाला चार मिनिटांत सांगायची, तीच दुसऱ्याला तीन मिनिटांत, आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. ही पद्धत न्यूझीलंडचे पॉल नेशन यांच्या लिखाणातून बऱ्याच वर्गांत पोचली. मजकूर तोच राहतो, म्हणून डोकं काय सांगायचं यातून मोकळं होतं आणि कसं सांगायचं याकडे वळतं. तिसऱ्या खेपेला चाचपडणं कमी होतं. चुका उरतात. आमचा ठराव होता, दोन मिनिटं पूर्ण होईपर्यंत चूक काढायची नाही. पुणेकरांसाठी ही शिक्षा जबर होती. एक मित्र तर ओठ दाबून बसायचा.

माझी गोष्ट ठरलेली असायची, बंद पडलेली स्कूटर. ती इतक्यांदा सांगितली, की आजही झोपेतून उठवलंत तर प्लग, किक आणि मेकॅनिक यांची हकिगत मी जपानीत न थांबता सांगेन. स्वप्नांबद्दल किंवा जागतिक शांततेबद्दल विचारू नका.

(काळा पडदा. पुन्हा तीच रिंग.)

सात-आठ महिन्यांनी तेच गृहस्थ फोनवर आले. या वेळी घोळ आमच्याकडे होता. पेटी आली होती, पण आतले आठ भाग चुकीच्या मापाचे. सांगायचं मला होतं. अदबीचे शब्द मी सोडून दिले, साधं ‘देस-मास’, म्हणजे रोजचं सभ्य बोलणं, धरलं. एतो, पेटी काल आली. उघडली. आठ भाग… इथे ‘माप’ला शब्द आठवेना. म्हटलं, जरा मोठे आहेत, बसत नाहीत. एक क्रियापद चुकलं, ते मला ऐकू आलं, आणि मी तशीच पुढे गेले. कागद चाळल्याचा बारीक आवाज येत होता.

आणि माझ्या प्रत्येक अर्ध्या वाक्यापाशी, ठोका साधून, पलीकडून येत होतं:

“हाइ… हाइ… एए… सो देस का…”