दार लावून घे

श्रोते मंडळी, नमस्कार.

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, देवळात एक गंमत घडते. दरवर्षीचीच असल्यामुळे ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्या दिवशी कॅथलिक उपासनेत बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचला जातो. प्रभू येशू त्यात सांगतो, उपास कराल तेव्हा ढोंग्यांसारखी तोंडं उतरवून फिरू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. उपास आहे हे कुणाला कळता कामा नये. वाचन संपतं, थोड्या वेळाने लोक रांगेत उभे राहतात, कपाळावर राखेचा क्रूस काढून घेतात आणि तसेच, तोंड न धुता, रस्त्याला लागतात! इटलीसारख्या काही ठिकाणी राख कपाळाला न लावता डोक्यावर टाकतात, केसांत. ती निदान लांबून दिसत नाही.

यात मी कुणाची चेष्टा करत नाहीये. राख खरी, पश्चात्तापही खरा असू शकतो. पण आजचा विषय हाच आहे. देवासाठी केलेलं कुठे संपतं आणि लोकांसाठी केलेलं कुठे सुरू होतं?

तो सहावा अध्याय पुन्हा उघडू. त्यात तीन गोष्टी येतात: दान, प्रार्थना आणि उपास. दान करताना पुढे कर्णा वाजवू नकोस. उजव्या हाताने काय केलं ते डाव्या हाताला कळू देऊ नकोस. प्रार्थना करायची तर चौकात उभा राहू नकोस; आपल्या खोलीत जा, दार लावून घे. उपासाचं आत्ताच ऐकलंत. आणि ढोंग्यांबद्दल तीनही वेळा एकच निकाल आहे: त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं. मिळून चुकलं! लोकांची वाहवा हवी होती, लोकांनी ती दिली, हिशेब मिटला. आता देवाकडे बाकी काही राहिलं नाही.

इथे एक गोष्ट आपल्या कानांवरून निसटून जाते असं मला वाटतं. प्रभू असं म्हणत नाही की बाबा रे, आधी आपला हेतू तपास, तो शंभर टक्के शुद्ध निघाला तरच दान कर. हेतू तपासत बसलो तर गरिबाला दान कधी मिळायचंच नाही. प्रभू फार साधी गोष्ट सांगतो. बघणारे बाजूला कर. दार लावून घे. पुन्हा सांगतो: हेतू शुद्ध कर असं नाही, दार लावून घे असं.

असं का, हे समजायला कनोसाची गोष्ट ऐकावी लागेल. खरं सांगायचं तर ही गोष्ट सांगायला मिळावी म्हणूनच मी आजचा विषय निवडला. म्हणजे माझाही हेतू काही फार शुद्ध नाही.

साल 1077. जानेवारी महिना. इटलीच्या उत्तर भागात डोंगरकड्यावर कनोसा नावाचा किल्ला. किल्ला माटिल्डा नावाच्या एका मातब्बर सरदारीणबाईंचा. आत पाहुणे म्हणून उतरलेत पोप सातवे ग्रेगरी. आणि बाहेर, दाराशी, बर्फात, अनवाणी, अंगावर जाडंभरडं लोकरी वस्त्र, राजचिन्हं उतरवून ठेवलेली, असा उभा आहे जर्मनीचा राजा चौथा हेन्री. वय वर्षं सव्वीस.

हा इथे आला कसा? वर्षभर मागे जाऊ. बिशप कुणी नेमायचे, राजाने की पोपने, यावरून दोघांचं वाजलं होतं. 1076 च्या जानेवारीत वर्म्स या गावी हेन्रीने आपल्या बाजूचे बिशप जमवले आणि जाहीर केलं की हे ग्रेगरी पोपच नव्हेत, त्यांनी खाली उतरावं. पोपने फेब्रुवारीत उत्तर दिलं. हेन्रीला मंडळीबाहेर, म्हणजे ख्रिस्ती धर्मसमाजाबाहेर काढलं आणि त्याच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं. जर्मन सरदार टपूनच बसले होते. त्यांनी राजाला बजावलं, वर्षाच्या आत पोपकडून क्षमा आण, नाहीतर आम्ही तुला राजा मानणार नाही. शिवाय 2 फेब्रुवारी 1077 ला ऑग्सबर्गला सभा ठरवली. पोप स्वतः तिथे येणार आणि राजाचा निवाडा करणार.

आता हेन्रीच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? ऑग्सबर्गला गेला तर आरोपी म्हणून उभा राहणार, समोर सगळे वैरी. त्याने ठरवलं, पोप आल्प्स ओलांडून इकडे यायच्या आधी आपणच आल्प्स ओलांडून तिकडे जायचं. ऐन हिवाळ्यात! बरोबर बायको बर्था आणि तीन वर्षांचाही न झालेला मुलगा कॉनराड. लॅम्बर्ट नावाचा त्या काळचा एक मठवासी इतिहासकार लिहितो की वाट द्यायच्या बदल्यात हेन्रीच्या सासूबाईंनी जावयाकडून जहागीर मागून घेतली. तो असंही लिहितो की घाट उतरताना पुरुष हातापायांवर रांगत, घसरत खाली आले, आणि राणीला व तिच्या दासींना बैलांच्या कातड्यांवर बसवून ओढत उतरवलं. लॅम्बर्टला रंग भरायची सवय होती, हे मान्य. पण मला नेहमी एक प्रश्न पडतो. अनवाणी उभ्या राहिलेल्या राजाची आठवण हजार वर्षं राहते, आणि कातड्यावर बसून, लेकराला घेऊन बर्फाचा घाट उतरणारी बर्था कुणाला आठवत नाही. तिला कसला पश्चात्ताप करायचा होता? तिने तर कुणाशी भांडणही केलं नव्हतं. इतिहासाची पुस्तकं बायकांच्या बाबतीत फार कंजूष असतात. असो, आपण किल्ल्याकडे जाऊ.

पोप ऑग्सबर्गच्या वाटेवरच होते. हेन्री इटलीत उतरल्याचं कळताच, हा फौज घेऊन आला की काय या धास्तीने ते माटिल्डाबाईंच्या किल्ल्यात शिरले. फौज नव्हती. 25 जानेवारीला, संत पौलाच्या परिवर्तनाच्या सणाच्या दिवशी, राजा दाराशी हजर झाला. दिवस बघा कसा गाठला! ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल बदलून संत पौल झाला, त्याचा हा सण. योगायोग असेल, नसेलही.

पहिला दिवस गेला, दार उघडलं नाही. दुसरा दिवस गेला, दार उघडलं नाही. तिसरा दिवस. तीन दिवस तो रात्रंदिवस बर्फातच उभा होता का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे आणि ती रास्तही आहे. पण तो तीन दिवस येत राहिला, रडला, क्षमा मागत राहिला, हे खुद्द पोपनेच नंतर जर्मन सरदारांना लिहिलेल्या पत्रात सांगितलं आहे. आणखीही एक गोष्ट त्यांनी मोकळेपणाने लिहिली आहे: किल्ल्यातल्या माणसांचं काळीज हललं आणि लोक पोपलाच बोल लावू लागले, की हा धर्माचा कडकपणा नव्हे, हा तर जुलमी राजाचा निर्दयपणा झाला! आत रदबदली करायला कोण होतं? स्वतः माटिल्डा. क्लूनीच्या मठाचे मठाधिपती ह्यू, जे हेन्रीचे धर्मपिता होते. आणि त्या जहागीर मागणाऱ्या सासूबाई.

आता पोपची अडचण बघा. या गोष्टीतली खरी गंमत मला तिथेच दिसते. ग्रेगरी काही भाबडे गृहस्थ नव्हते. समोरच्याला गादी वाचवायची आहे हे त्यांना लख्ख कळत होतं. क्षमा दिली तर जर्मन सरदारांच्या हातातलं शस्त्र बोथट होणार, तेही कळत होतं. राजकारणी म्हणून शहाणपण कशात होतं? दार बंद ठेवण्यात. पण ते याजकही होते. दारात माणूस रडत उभा आहे आणि म्हणतोय, मी पाप केलं, मला क्षमा करा. त्याला याजक काय सांगणार, की तुझे अश्रू मला खरे वाटत नाहीत? शमुवेलाच्या पुस्तकात म्हटलंय, माणूस बाहेरचं रूप पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो. पोप झाला तरी माणूसच. 28 जानेवारीला दार उघडलं. राजाकडून शपथ घेतली गेली, त्याला क्षमा मिळाली, तो पुन्हा मंडळीत आला.

मग पुढे? सरदारांनी राजाची ही क्षमा जुमानली नाही. मार्च महिन्यातच त्यांनी दुसरा राजा निवडला आणि जर्मनीत यादवी माजली. 1080 मध्ये पोपने हेन्रीला पुन्हा बहिष्कृत केलं. या वेळी हेन्री अनवाणी आला नाही, फौज घेऊन आला. 1084 मध्ये त्याने रोम घेतलं, आपल्या मर्जीतला पोप बसवला आणि त्याच्या हातून सम्राटपदाचा मुकुट घालून घेतला. ग्रेगरी पुढच्याच वर्षी सालेर्नोला, रोमपासून दूर, वारले. आणि घाटातून आणलेलं ते लेकरू, कॉनराड? 1093 मध्ये ते बापावर उलटलं आणि पोपच्या पक्षाला जाऊन मिळालं! हेन्री 1106 मध्ये बहिष्कृत असतानाच मेला. मंडळीने पवित्र केलेल्या जागेत त्याला पुरायला आणखी पाच वर्षं लागली.

तर कनोसाच्या दाराशी जे घडलं ते खरं की नाटक? शेवट कळल्यावर आपण चटकन म्हणतो, नाटक. मला तसं वाटत नाही. सव्वीस वर्षांचा मुलगा, त्या काळातला, ज्याला लहानपणापासून शिकवलंय की मंडळीबाहेर मेलास तर आत्म्याचं काही खरं नाही. तो थंडीत रडला असेल तर त्यातले काही अश्रू गादीसाठी असतील, काही आत्म्यासाठी. किती कशासाठी, हे बहुधा त्यालाही सांगता आलं नसतं. आणि आत बसलेले पोप? तीन दिवस ताटकळत ठेवण्यात धर्माची शिस्त किती आणि सगळ्या ख्रिस्ती जगाला आपला दरारा दाखवणं किती? तेही कुणी मोजून सांगू शकत नाही.

म्हणून म्हणतो, हेतू तपासायचं काम प्रभूने आपल्यावर टाकलेलं नाही. दुसऱ्याचा हेतू तर नाहीच नाही. कनोसाला दाराच्या दोन्ही बाजूंना बघणारे होते, आणि बघणारे आले की मनात काय किती आहे हे आपलं आपल्याला कळेनासं होतं.

इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांमध्ये राहून आलेला जॉन कॅसियन नावाचा पाचव्या शतकातला एक लेखक फार मार्मिक लिहून गेला आहे. तो म्हणतो, लोकांसमोर उपास केला तर दिमाख वाटतो. दिमाख नको म्हणून उपास लपवला तर लपवल्याचा दिमाख वाटतो. ही हौस कांद्यासारखी आहे, एक पापुद्रा काढला की खाली दुसरा. म्हणजे दार लावूनही काम पुरतं होत नाही. पण निदान टाळ्या वाजवायला तिथे कुणी नसतं.

उलट टोकालाही जायला नको. साध्या भिंतींचं देऊळ म्हणजे मनापासूनची भक्ती आणि मेणबत्त्या, धूप, रंगीत काचा म्हणजे देखावा, असं काही लोक ठरवून टाकतात. तसंच पुस्तकातली प्रार्थना वरवरची आणि मनाने रचलेली तेवढी खरी, असंही म्हणतात. मला हे पटत नाही. उत्स्फूर्त प्रार्थनेतही मी अशी माणसं ऐकली आहेत जी देवाला शेजाऱ्याच्या चुका सविस्तर कळवतात, तेही ध्वनिक्षेपकावरून. आणि ध्वनिक्षेपकाचं तर विचारूच नका. तीस माणसांच्या प्रार्थनेला तो कशाला लागतो, हे मला अजून समजलेलं नाही. देव बहिरा नाही.

मग कुणी विचारेल, चारचौघांत काहीच करायचं नाही का? प्रभूच्या त्याच प्रवचनात, सहाव्याच्या एकच अध्याय आधी, तो म्हणतो की तुमचा उजेड लोकांपुढे पडू द्या. दोन्ही एकाच तोंडचे शब्द आहेत. उजेडाचं ते वाक्य शेवटपर्यंत वाचलं की उलगडा होतो: लोकांनी तुमची सत्कर्मं पाहून तुमच्या स्वर्गातल्या पित्याचा गौरव करावा. पित्याचा, तुमचा नव्हे. आजाऱ्याची सेवा, भुकेल्याला अन्न, ही कामं दिसणारच, ती लपवून कशी होतील? पण दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींना दार आहे, आणि ते आपल्याला आतून लावता येतं.

ज्यांना करून बघायचं असेल त्यांनी दानापासून सुरुवात करावी. तिघांत तेच सगळ्यात सोपं. पावती नको, पाटीवर नाव नको, फोटो नको, आणि घरी आल्यावर जेवताना सहज म्हणून सांगणंही नको. हे शेवटचं फार जड जातं, मी सांगतो.

वेळ होत आली. पुढच्या भाषणात हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोबद्दल बोलू. त्यांनी जमीन विकून अर्पण आणलं, पण थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळे दिले असं भासवलं. प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय, जमलं तर वाचून ठेवा. नमस्कार.